गव्हाच्या पिठाचे मऊ डिनर रोल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी घरी फक्त गव्हाच्या पिठाचेच रोल भाजते. करून पाहणारी मंडळी जे प्रश्न विचारतात ते बहुतेक तेच तेच असतात, आणि त्यांतले निम्मे एकाच जागी येऊन मिळतात: कणकेत पाणी कमी पडलंय आणि घाई जास्त झालीय. म्हणून पुढच्या उत्तरांत पाणी आणि वेळ हे दोन शब्द पुन्हा पुन्हा येतील.

नुसत्या गव्हाच्या पिठाचे रोल खरंच मऊ होतात का? थोडा तरी मैदा लागतोच ना?

मैदा लागत नाही. बोटाने दाबले की हळूहळू वर येणारे, हाताने ओढले की तंतूतंतूने सुटणारे रोल पूर्ण गव्हाच्या पिठाचे होतात. मात्र मैद्याच्या रोलइतके उंच आणि हलके होत नाहीत, ती अपेक्षा ठेवू नका. यांचा मऊपणा जरा भरीव आणि ओलसर असतो, आणि चवीला गव्हाचा खमंगपणा असतो. अर्धा मैदा घालून सुरुवात करायला हरकत काहीच नाही. पण त्याने हाताला मैद्याची सवय लागते आणि गव्हाच्या कणकेचा अंदाज यायला उशीर होतो. मी तरी पहिल्यापासून पूर्ण गव्हाचेच करा असं सांगते.

मैद्याच्या कृतीत मैद्याच्या जागी गव्हाचं पीठ घातलं, तर रोल विटेसारखे का झाले?

हा प्रश्न नीट समजून घेतला तर पुढचे अर्धे प्रश्न पडणारच नाहीत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

गव्हाच्या दाण्यात साधारण १४ टक्के कोंडा, अडीच ते तीन टक्के अंकुर आणि बाकीचा, म्हणजे ८३ टक्क्यांच्या आसपास, आतला पांढरा गर असतो. मैदा म्हणजे नुसता गर. गव्हाच्या पिठात तिन्ही भाग येतात आणि तिघांचं वागणं निराळं.

रोल फुगतो तो ग्लूटेनच्या जाळीमुळे. गरात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही दोन प्रथिनं असतात. ती पाण्यात भिजून एकमेकांत गुंतली की रबरासारखी ताणली जाणारी जाळी तयार होते आणि यीस्टने सोडलेला कार्बन डायऑक्साइड तिच्यात अडकून राहतो. आता यात कोंडा आला. कोंडा पाणी भरपूर पितो, पण सावकाश पितो. मैद्याच्या मापाने घातलेलं पाणी मळताना पुरेसं वाटतं. मग अर्ध्या तासात कोंडा ते ओढून घेतो आणि कणीक घट्ट होऊन बसते. घट्ट कणकेला फुगायला जोर पुरत नाही. शिवाय कोरड्या कोंड्याचे कण कडक आणि धारदार असतात, ते जाळी सलग होऊ देत नाहीत. भिजून नरम झालेला कोंडा तितका त्रास देत नाही. अंकुरात ग्लुटाथायोन नावाचा एक घटक असतो, तो जाळी थोडी सैल करतो.

पिठाच्या पाकिटावर प्रथिनांचा आकडा मैद्यापेक्षा मोठा दिसतो, त्यावरून फसायला होतं. त्यातली कोंड्यातली आणि अंकुरातली प्रथिनं ग्लूटेन बनवतच नाहीत.

थोडक्यात, या पिठाला पाणी जास्त द्यायचं आणि ते पिऊन घ्यायला वेळ द्यायचा.

पीठ कोणतं घ्यावं?

बारीक दळलेलं आणि ताजं. भरड पिठात कोंड्याचे मोठे तुकडे राहतात आणि रोल चुरचुरीत होतात. गहू कडक जातीचा असेल आणि पाकिटावर प्रथिनं १२ ते १४ टक्के असतील तर उत्तम. केक-बिस्किटांसाठी मऊ गव्हाचं पीठ मिळतं, ते इथे उपयोगाचं नाही.

ताजेपणाबद्दल मी फार आग्रही आहे. अंकुरात तेल असतं, त्यामुळे गव्हाचं पीठ मैद्यापेक्षा लवकर खवट होतं. पिठाचा वास घ्या. गोडसर, धान्यासारखा वास यायला हवा. जुन्या तेलासारखा किंवा भिंतीच्या रंगासारखा वास आला तर ते पीठ रोलसाठी वापरू नका, भाजल्यावर खवटपणा आणखी जाणवतो. मोठं पाकीट आणलं तर निम्मं हवाबंद डब्यात फ्रीझरमध्ये ठेवा आणि वापरण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

नेमकं प्रमाण सांगा.

हे १५ रोलचं आहे, २३ बाय ३३ सेंटिमीटरच्या ट्रेसाठी.

पेस्टसाठी (ही आधी शिजवून घ्यायची, कशी ते पुढे येतं): गव्हाचं पीठ ३० ग्रॅम, पाणी १५० ग्रॅम.
कणकेसाठी: गव्हाचं पीठ ४२० ग्रॅम, कोमट दूध १९० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ६ ग्रॅम, साखर किंवा मध ४० ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम, मऊ झालेलं लोणी ४५ ग्रॅम. शिवाय ३० ग्रॅम दूध बाजूला तयार ठेवा, बहुतेक वेळा लागतं.

पिठाच्या तुलनेत द्रव पदार्थ ७५ टक्के झाले, आणि बाजूचं दूध घातलं तर ८० च्या वर. मैद्याच्या रोलमध्ये हे प्रमाण बरंच कमी असतं. आकडा बघून घाबरू नका.

वजनकाटा नाही. कपाने मोजलं तर?

जमेल, पण भरवसा नाही. पीठ हलक्या हाताने भरलं तर कपात ११५ ग्रॅमच्या आसपास बसतं, डब्यात कप खुपसून भरलं तर १४० च्या वर जातं. चार कपांत मिळून शंभर ग्रॅमचा फरक पडतो आणि शंभर ग्रॅम जास्तीचं पीठ म्हणजे कोरडे रोल. घरी भाजणाऱ्याने सर्वांत आधी घ्यायची वस्तू वजनकाटा, असं माझं ठाम मत आहे. ओव्हन साधा असला तरी चालतो. काटा येईपर्यंत पीठ चमच्याने ढवळून सैल करा, चमच्यानेच कपात टाका आणि वरचं सपाट करून घ्या.

ती शिजवलेली पेस्ट कशासाठी? वगळली तर चालेल का?

३० ग्रॅम पीठ १५० ग्रॅम पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवायचं आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. तीन-चार मिनिटांत खळीसारखं दाट होतं आणि चमचा फिरवल्यावर तळाशी रेघ उमटून राहते. त्या वेळी तापमान ६५ अंश सेल्सियसच्या आसपास असतं. गव्हाचा स्टार्च या तापमानाला फुगतो आणि स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतो. हे पाणी कणकेत असतं, पण हाताला चिकटत नाही. कणीक मळता येईल इतपत आवरलेली राहते, भाजल्यावर रोल ओलसर राहतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत मऊपणा टिकतो. चीन आणि जपानमधल्या मऊ पावांमागे हीच युक्ती आहे. जपानमध्ये पिठावर थेट उकळतं पाणी ओतून भिजवण्याचीही पद्धत आहे, तिला युदाने म्हणतात.

पेस्ट वगळली तरी रोल होतात आणि त्या दिवशी चांगलेही लागतात. पण गव्हाच्या पिठासाठी पाच मिनिटांत एवढा फरक पाडणारी दुसरी कोणतीच गोष्ट मला माहीत नाही. पेस्ट कोमट होऊ द्या, मगच कणकेत घाला. गरम घातली तर यीस्ट मरेल.

यीस्ट कोणतं, आणि ते जिवंत आहे हे कसं ओळखायचं?

इन्स्टंट यीस्ट थेट पिठात मिसळता येतं. ॲक्टिव्ह ड्राय असेल तर ते थोडं जास्त, साडेसात ग्रॅम, घ्या आणि कोमट दुधात चिमूटभर साखरेबरोबर दहा मिनिटं भिजवा. ताजं, वडीसारखं यीस्ट मिळत असेल तर तिप्पट, म्हणजे १८ ग्रॅम.

शंका असेल तर कोणतंही यीस्ट असंच भिजवून बघा. दहा मिनिटांत फेस येऊन वर चढलं तर जिवंत आहे. काहीच झालं नाही तर टाकून द्या. अशा यीस्टवर पीठ आणि लोणी खर्ची घालू नका. दूध मनगटावर टाकलं तर ऊबदार वाटेल इतकंच गरम हवं, ३५ ते ३८ अंश. ५५-६० अंशांला यीस्ट मरतं. उघडलेलं पाकीट हवाबंद करून फ्रीझरमध्ये ठेवलं की महिनोन्‌महिने टिकतं.

कणीक हाताला फार चिकटते. थोडं पीठ भुरभुरवू का?

नका. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

पहिल्या दहा मिनिटांत गव्हाची कणीक चिकट असणारच, कारण कोंड्याने अजून पाणी प्यायलेलं नसतं. त्या क्षणी घातलेली पिठाची प्रत्येक मूठ पुढे रोल कोरडा करते. मीही सुरुवातीला भीतीपोटी मूठ मूठ पीठ घालत असे. कणीक हाताला छान, गुळगुळीत लागायची आणि रोल दुसऱ्या दिवशी फेकण्याजोगे व्हायचे. कणीक मळताना किती देखणी दिसते यावर रोलचा मऊपणा ठरत नाही.

त्याऐवजी असं करा. पीठ, पेस्ट, दूध आणि यीस्ट एवढंच चमच्याने कालवा, कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंत. झाकून अर्धा तास ठेवून द्या, हात लावू नका. अर्ध्या तासाने तीच कणीक कितीतरी आवरलेली आणि ताणली जाणारी मिळेल. या विश्रांतीला ऑटोलिझ म्हणतात. फ्रान्सचे बेकरी-तज्ज्ञ रेमंड काल्वेल यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत रूढ केली. त्यांच्या पद्धतीत फक्त पीठ आणि पाणी कालवतात. मी यीस्टही आधीच घालते, कारण नंतरच्या घट्ट कणकेत त्याचे दाणे नीट विरघळत नाहीत. मीठ आणि साखर मात्र विश्रांतीनंतरच घालायची. दोन्ही पाणी ओढून घेतात आणि पिठाला ते कमी पडतं.

नंतरही चिकटली तर हात पाण्याने ओले करा किंवा तेलाचा थेंब चोळा. ओट्यावरही तेलच. आणि अर्ध्या तासाने कणीक उलट घट्ट लागली, तर बाजूला ठेवलेलं दूध चमचा-चमचा घालत मुरवा.

किती वेळ मळायचं?

विश्रांतीनंतर साखर आणि मीठ घालून हाताने आठ-दहा मिनिटं, मग लोणी तीन-चार वेळा थोडं थोडं घालून आणखी पाच मिनिटं. लोणी घातल्यावर कणीक फाटल्यासारखी होते, हातातून निसटते. घाबरू नका, दोन मिनिटांत ते मुरतं. लोणी आधीच घातलं तर पिठाच्या कणांवर स्निग्धाचा थर बसतो आणि जाळी जमायला वेळ लागतो, म्हणून ते शेवटी.

झालं की नाही हे बघायला लिंबाएवढा गोळा घेऊन चारही बाजूंनी हळू ताणा. मैद्याची कणीक कागदासारखी पातळ ताणली जाते. गव्हाच्या कणकेकडून तेवढी अपेक्षा करू नका. पडदा उजेडात अर्धपारदर्शक दिसला, त्यात कोंड्याचे ठिपके असले आणि लगेच फाटला नाही तर पुरे.

मिक्सर-मशीन असेल तर हुक लावून मंद गतीवर एकूण सात-आठ मिनिटं. वेगात फिरवू नका, कणीक तापते. मळून झाल्यावर ती २५ ते २७ अंशांच्या आसपास असली तर पुढचं सगळं वेळेवर होतं.

फुगायला किती वेळ ठेवायची?

घड्याळापेक्षा कणकेकडे बघा. २७ अंशांच्या खोलीत तासभर, थंडीत दोन तासही लागतात, कडक उन्हाळ्यात पाऊण तासात होतं. सरळ भिंतींच्या भांड्यात ठेवून बाहेर कणकेच्या पातळीवर खूण करा. गोल कढईसारख्या भांड्यात किती वाढली याचा अंदाज चुकतो.

सगळ्या कृती दुप्पट म्हणतात, पण गव्हाची कणीक मी पावणेदोन पटीवरच थांबवते. कोंड्यामुळे जाळी नाजूक असते, जास्त ताणली की फुटते, आणि अशी कणीक ओव्हनमध्ये वर न चढता खाली बसते. शिवाय गव्हाच्या पिठात यीस्टला खाद्य भरपूर असल्यामुळे ती मैद्यापेक्षा लवकर फुगते. थंडीत बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याची वाटी शेजारी ठेवली की पुरेशी ऊब मिळते.

दूध, साखर, लोणी कमी करू का?

कमी करता येतील, फक्त कशाने काय होतं ते माहीत असावं. लोण्यामुळे घास तुटताना मऊ लागतो आणि रोल शिळा व्हायला वेळ लागतो. त्याच्या जागी ३५ ग्रॅम तेल चालतं. साखर रंग आणते, ओलावा धरते आणि कोंड्याचा तुरटपणा झाकते. ती अर्धी करता येईल, पूर्ण वगळली तर रोल फिके आणि लवकर कोरडे होतील. उलट पिठाच्या दहा टक्क्यांपलीकडे साखर नेली तर यीस्ट मंदावतं. दुधाऐवजी पाणी किंवा सोयाचं दूध घाला, रंग जरा कमी येईल. मीठ मात्र कमी करू नका. ते चवीपुरतं नसतं, यीस्टला आवर घालतं आणि जाळी घट्ट करतं.

अंडं घालावं का?

हवं तर घाला. रोल थोडे उंच आणि पिवळसर होतात, पण दुसऱ्या दिवशी किंचित कोरडे लागतात. एक अंडं साधारण ५० ग्रॅम धरा आणि तेवढं दूध कमी करा. पेस्ट असताना मला अंड्याची गरज वाटत नाही.

बाजारात मिळणारं ग्लूटेन पावडर स्वरूपात घातलं तर?

पीठ अगदीच अशक्त असेल तर ४५० ग्रॅम पिठाला १०-१५ ग्रॅम घाला आणि तेवढंच पाणी वाढवा. रोल उंच होतील. जास्त घातलं तर चिवट होतात. आधी पाणी वाढवून आणि विश्रांती देऊन बघा, बहुतेक वेळा त्यानेच काम होतं.

गोळे गुळगुळीत होत नाहीत.

कणीक हलकेच दाबून हवा काढा, १५ भाग करा, प्रत्येक ५८-६० ग्रॅमचा. सगळे सारखे हवेत, नाहीतर लहान जळतात तोवर मोठे कच्चे. प्रत्येक भागाच्या कडा मध्यभागी आणून चिमटा, पुडीसारखं तोंड बंद करा. मग तोंड खाली करून ओट्यावर ठेवा आणि हाताची पोकळ ओंजळ वर धरून गोल फिरवा. मळताना तेल चालतं, पण गोळे वळताना ओट्यावर पीठ किंवा तेल नको. कणीक जराशी चिकटली तरच वरचं कातडं ताणलं जातं. गोळा ताणायला विरोध करत असेल तर सगळे झाकून दहा मिनिटं थांबा, आपोआप सैल होतील.

ट्रेमध्ये किती अंतर ठेवायचं?

बोटभर. तीनाच्या पाच ओळी लावा. फुगल्यावर ते एकमेकांना टेकतात आणि टेकलेल्या बाजूंना कवच येत नाही, तिथेच रोल सगळ्यात मऊ असतो. सुटे ठेवून भाजलेले रोल चहूबाजूंनी कडक होतात.

दुसऱ्यांदा फुगलेले गोळे ओव्हनमध्ये कधी घालायचे?

साधारण ४० ते ५० मिनिटांनी. बोटाला पीठ लावून गोळा हलकेच दाबा. खळगा लगेच भरून आला तर अजून थांबा. सावकाश, अर्धवट भरून आला तर घाला. भरलाच नाही तर उशीर झालाय, ताबडतोब घाला. ओव्हन तापायला वीसएक मिनिटं जातात, तो आधीच लावून ठेवा.

तापमान आणि वेळ?

१८५ अंश, मधल्या कप्प्यात, २० ते २४ मिनिटं. पंखा चालू असेल तर १७०. छोट्या ओव्हनमध्ये वरची कांडी जवळ असते, तेव्हा पंधराव्या मिनिटाला वर फॉइल सैल झाकून द्या. लहान ओव्हनचं बटण दाखवतं ते तापमान आणि आतलं तापमान यांत बराच फरक असू शकतो. आत ठेवायचा साधा थर्मामीटर घेतला की बरेच जुने प्रश्न सुटतात.

गव्हाचा रोल मुळातच तपकिरी, त्यामुळे रंगावरून भाजल्याचा अंदाज येत नाही. मधल्या रोलमध्ये थर्मामीटर खुपसा, ९० अंशांच्या आसपास दाखवला की काढा. ९५ च्या पुढे गेला तर कोरडा पडतो. थर्मामीटर नसेल तर मधला रोल किंचित उचलून दोन रोलमधली बाजू बघा. ओलसर चकाकी नसावी आणि दाबल्यावर ती परत यावी.

वरून कवच कडक होतं. काय करू?

भाजण्याआधी दुधाचा हात फिरवा. काढल्या काढल्या लोणी लावा आणि स्वच्छ सुती कापड झाकून ठेवा. आतली वाफ बाहेर येते तेव्हा कवचाला मऊ करत जाते. दहा मिनिटांनी रोल ट्रेमधून काढून जाळीवर ठेवा, नाहीतर खाली पाणी सुटून बूड ओलं होतं. तरीही कडक होत असेल तर ओव्हन थंड आहे आणि रोल जास्त वेळ आत राहतायत. कमी तापमानावर बराच वेळ भाजणं हे कडकपणाचं नेहमीचं कारण.

थोडी कडवट चव येते.

आधी पिठाचा वास घ्या, खवट तर नाही ना. पीठ ताजं असेल तर ती कोंड्याची चव. लालसर गव्हाच्या कोंड्यात तुरट द्रव्यं जास्त असतात, पांढऱ्या गव्हाच्या कमी. पिठाची जात बदलता येत नसेल तर दुधातले दोन मोठे चमचे काढून तेवढा संत्र्याचा रस घाला. संत्र्याची चव कळत नाही, कडवटपणा मात्र दबतो. मधही मदत करतो.

आतून दाट आणि गिच्च झाले. कुठे चुकलं?

दाट, कोरडे आणि लहान असतील तर पाणी कमी किंवा फुगणं अपुरं. उंच चढून वर सुरकुत्या पडल्या, मधे खोलगट झाले तर दुसऱ्या वेळी जास्त फुगले. खाली चिकट थर आणि वर जाळी असेल तर कमी भाजले, किंवा गरम असतानाच कापले. बाजूने फाटले असतील तर पुरेसे फुगण्याआधी ओव्हनमध्ये गेले. आंबूस, दारूसारखा वास येत असेल तर फार वेळ उबेत राहिले.

गव्हाची कणीक एकदा जास्त फुगून गेली की पुन्हा मळून वाचवता येते, पण एकदाच. पहिल्या फुगण्यात चुकलं तर हवा काढा, गोळे वळा आणि पुढचा वेळ कमी करा.

आदल्या रात्री तयारी करून सकाळी भाजता येतील?

येतील, आणि चव जास्त चांगली येते, कारण कोंड्याला रात्रभर भिजायला मिळतं. यीस्ट ४ ग्रॅमवर आणा. गोळे वळून ट्रेमध्ये लावा, प्लास्टिकने नीट झाका म्हणजे वर पापुद्रा धरणार नाही, आणि फ्रिजमध्ये ८ ते १२ तास ठेवा. सकाळी बाहेर काढून गोळे फुगेपर्यंत थांबा, तास-दीड तास. थंडगार गोळे थेट ओव्हनमध्ये घातले तर कडा भाजतात आणि मधले कच्चे राहतात.

ग्लूटेन न चालणाऱ्यांसाठी ही कृती बदलता येईल?

नाही. गव्हात ग्लूटेन आहेच आणि आंबवून ते जात नाही. त्यांच्यासाठी वेगळ्या पिठांची, वेगळ्या पद्धतीची कृती शोधावी लागेल.

दुसऱ्या दिवशी कडक होतात. फ्रिजमध्ये ठेवू?

फ्रिजमध्ये अजिबात ठेवू नका. पाव शिळा होतो तो सुकल्यामुळे, असं सगळ्यांना वाटतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांनी १८५२ मध्ये दाखवून दिलं की पाणी उडून न जाताही पाव शिळा होतो, आणि गरम केला की पुन्हा ताजा लागतो. भाजताना फुगलेला स्टार्च थंड झाल्यावर हळूहळू पुन्हा घट्ट रचला जातो, त्याने कडकपणा येतो. फ्रिजच्या, म्हणजे शून्याच्या जरा वरच्या तापमानाला ही क्रिया सर्वांत वेगाने होते. म्हणून पूर्ण गार झालेले रोल हवाबंद डब्यात बाहेर ठेवा, दोन-तीन दिवस चांगले राहतात.

दमट, उष्ण हवेत मात्र दोन दिवसांत संपवा. बुरशी निदान वरून दिसते. पण एका जिवाणूमुळे आतला गर चिकट होऊन तारा सुटतात आणि जास्त पिकलेल्या खरबुजासारखा वास येतो. तसा रोल आढळला तर सगळे टाकून द्या आणि डबा उकळत्या पाण्याने धुऊन व्हिनेगरने पुसा.

मग जास्तीचे कुठे ठेवायचे?

फ्रीझरमध्ये. उणे १८ अंशांला शिळेपणाची क्रिया जवळजवळ थांबते. भाजले त्याच दिवशी, गार झाल्यावर लगेच, पिशवीतली हवा काढून ठेवा. दोन दिवस बाहेर राहून कडक झालेले ठेवले तर कडकच बाहेर येतील. महिनाभरात वापरा.

सकाळी भाजलेले रोल रात्री जेवणात ताजे कसे वाढायचे?

वर पाण्याचे थेंब शिंपडा, सगळे मिळून फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा आणि १५० अंशांच्या ओव्हनमध्ये दहा मिनिटं ठेवा. फ्रीझरमधले असतील तर वीस मिनिटं. आत ६० अंशांच्या पुढे तापले की घट्ट झालेला स्टार्च पुन्हा सैल होतो. मायक्रोवेव्ह वापरायचाच असेल तर ओलसर कापडात गुंडाळून एका रोलला १५ सेकंद, आणि लगेच खा, कारण थोड्याच वेळात तो चिवट होतो. ओव्हनमधून काढल्यावर फॉइल उघडू नका, कापडात घेऊन पानावर बसल्यावरच उघडा, आणि एकदा गरम केलेले सगळे त्याच जेवणात संपवा.